आधी खोली दाखवा

अगं, मुंबईत दोन रात्री लॉजवर राहायचं ठरवलंस ते अगदी बरोबर केलंस. मावशी काय म्हणेल, विरारचे काका रागावतील का, या काळज्या माझ्यावर सोड. मावशीशी मी बोलते. तू फक्त खोली नीट निवड. ती कशी निवडायची हे आपल्याकडे मुलींना कुणी शिकवतच नाही. स्वयंपाक शिकवतात, साडी नेसायला शिकवतात, पण परक्या शहरात काउंटरसमोर उभं राहून "आधी खोली दाखवा" म्हणायला कुणी शिकवत नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

तुझी मुलाखत बुधवारी सकाळी साडेनऊला, फोर्टात. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. सकाळच्या त्या वेळेला विरारहून निघणाऱ्या लोकलचा बायकांचा डबा तू अजून पाहिलेला नाहीस. रोज जाणाऱ्यांच्या ते अंगवळणी पडलेलं असतं, तुझ्या नाही. इस्त्रीचा कुर्ता घालून, हातात फाइल धरून त्यात चढायचं, दीड तास उभं राहायचं आणि उतरून लगेच पाच जणांसमोर हसत बसायचं, हे पहिल्याच मुलाखतीला कशाला? काकांकडे माया आहे, कोण नाही म्हणतंय? पण तिथे वन रूम किचनमध्ये पाच माणसं आहेत, सकाळी पाण्याची ठरलेली वेळ आहे, बाथरूमला नंबर आहेत आणि रात्री बारापर्यंत गप्पा आहेत. त्यांना मुलाखत झाल्यावर भेट, गुरुवारी, निवांत. मंगळवारी रात्री तुला हवी आहे शांत झोप, सकाळी तुझ्या वेळेला गरम पाणी आणि मुलाखतीची जागा हाताशी. पैसे त्यासाठी मोजायचे आहेत, ती उधळपट्टी नाही.

आणि कामासाठी मुंबईत आलेल्या माणसाने लॉजवर उतरणं काही आजचं नाही. लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरायचे. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथेच. गिरगाव, लालबाग, परळ या भागांत तर खानावळी आणि भाड्याच्या खोल्या यांच्याच आधाराने परगावच्या माणसांनी मुंबईत पाय रोवले. तेव्हा उतरणारे बहुतेक पुरुष असायचे. आता तू उतरते आहेस, आणि त्या खोलीवर तुझा तेवढाच हक्क आहे.

जागा निवडताना आधी काम कुठे आहे ते बघ आणि मग लॉज शोध. लोक नेमकं उलटं करतात. स्वस्त मिळाली म्हणून अंधेरीला खोली घेतात आणि मग रोज फोर्टला हेलपाटे घालतात. तुझी ती मैत्रीण एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी करते आहे ना, तिला सांग की आयोगाचं कार्यालय बेलापूरला आहे, नवी मुंबईत. तिने वाशी, बेलापूर किंवा पनवेलला बघावं, दादरला उतरून काही उपयोग नाही. तुझ्यासाठी सीएसएमटी-फोर्ट, चर्चगेट, नाहीतर दादर.

फोर्ट-कुलाब्यात जुन्या दगडी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर छोटी गेस्ट हाऊस असतात. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूला काळोखा जिना, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. खालून बघितलं की पोटात गोळा येतो, पण वर गेल्यावर कित्येकदा पुसून लख्ख केलेली फरशी आणि शिस्तीचं काउंटर असतं. याच्या उलटही होतं. खाली काचेचं दार, निळे दिवे, कृत्रिम फुलं, आणि वर प्लायवूडची पार्टिशन घालून एका खोलीच्या तीन केलेल्या. दर्शनी भागावर जाऊ नकोस, एवढंच सांगायचंय.

मला विचारशील तर तुझ्यासाठी दादर पश्चिम. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर माणसं असतात, बायकांची वर्दळ असते, जेवायला भरपूर जागा आहेत. शिवाय आता भुयारी मेट्रो झाली आहे. आरे ते कफ परेड ही तीन नंबरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. दादरला बसलीस की हुतात्मा चौकाला उतर, वर आलीस की फोर्ट. एसी गाडी, कपड्यांची इस्त्री शाबूत. फक्त तारखा बघून घे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून माणसं येतात, त्या आठवड्यात दादरला खोली मिळणं अवघड. गणपतीत लालबाग-परळची तीच गत. आणि पावसाळ्यात येशील तेव्हा हिंदमाताच्या आसपास घेऊ नकोस, तो भाग सखल आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे गुडघाभर पाणी साचतं.

आता फोन. इंटरनेटवर फोटो बघ, लोकांनी काय लिहिलंय ते वाच. कौतुकापेक्षा तक्रारी वाच, त्यातही बायकांनी लिहिलेल्या आणि गेल्या सहा महिन्यांतल्या. पण त्यानंतर फोन करच. फोनवरचा माणूस कसा बोलतो यावरून निम्मं कळतं. सरळ सांग, "मी एकटी मुलगी आहे, सोलापूरहून मुलाखतीला येते आहे. सिंगल रूम द्याल ना?" काही लॉजवाले एकट्या बाईला खोली देत नाहीत. देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. सज्ञान बाईने स्वतःच्या नावावर खोली घ्यायला कुणाची आडकाठी असायचं कारण नाही. पण बॅग हातात घेऊन दारात उभं राहून कायदा सांगत बसण्यापेक्षा हे आठवडाभर आधी फोनवर कळलेलं बरं. जो "हां, आ जाओ मॅडम, फॅमिली लॉज है" म्हणतो त्याचं नाव लिहून ठेव. जो "अकेली? साथ में कौन है?" असं दोनदा विचारतो, तिथे फोन ठेव आणि पुढचा नंबर लाव.

दुसरा प्रश्न चेकआउटचा. याच्यावर नवखी माणसं हमखास अडतात. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, काही ठिकाणी दुपारी बारा ते बारा. सिद्धेश्वर एक्सप्रेस तुला मंगळवारी भल्या सकाळी सीएसएमटीला उतरवणार. समज, तू सातला काउंटरवर पोचलीस. चोवीस तासांचं लॉज असेल तर तुझा दिवस सातला सुरू, पण मग गुरुवारी सकाळी सातलाच खोली सोडायची. नाहीतर पुढच्या दिवसाचं भाडं. बारा ते बारा असेल तर गुरुवारी दुपारपर्यंत आरामात राहशील, पण मंगळवारी सात ते बाराचं काय, ते फोनवरच ठरवून घे. कुणी अर्ध्या दिवसाचे पैसे मागतं, कुणी खोली रिकामी असेल तर तशीच देतं, कुणी म्हणतं बॅग ठेवा, आंघोळ करून घ्या, बाराला खोलीत जा. तिन्ही चालतील, आधी कळलं म्हणजे झालं. काहीच जमलं नाही तर सीएसएमटीला बायकांचं वेगळं प्रतीक्षालय आहे, तिथे तोंड धुऊन चहा पिऊन दोन तास काढता येतात. स्टेशनातल्या रिटायरिंग रूमही कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून मिळतात. लवकर भरतात, म्हणून रेल्वेचं तिकीट काढशील तेव्हाच बघ.

तिसरं, भाडं. "सगळं धरून किती?" असंच विचार. दादर-फोर्टला बाथरूम आतच असलेली, बऱ्यापैकी स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळेल अशी आशा धरू नकोस. दीड-दोन हजारांची तयारी ठेव, एसी हवा असेल तर अजून वर. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. कुणी अजून बारा सांगत असेल तर विचार. आणि जीएसटी लावणार असतील तर पावतीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नंबर नाही तर जीएसटीच्या नावाने पैसेही नाहीत.

अॅडव्हान्स मागतील. एका दिवसाचं भाडं देणं रास्त आहे, सगळे पैसे आधी देऊ नकोस. आणि गूगलवर मिळालेल्या पहिल्याच नंबरवर तर मुळीच पाठवू नकोस. हॉटेलच्या नावाखाली भामटे स्वतःचा नंबर टाकून ठेवतात, गोड बोलून क्यूआर कोड पाठवतात आणि पैसे गेले की फोन बंद. नंबर दोन ठिकाणी ताडून बघ. तुझी कुणी मैत्रीण त्या बाजूला असेल तर तिला जाता-येता बोर्डवरचा नंबर बघायला सांग. कधी फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

अॅपवरून बुकिंग केलंस तरी लॉजला फोन करून "माझं नाव तुमच्याकडे आलंय का?" हे आदल्या दिवशी विचारच. मी एकदा अॅपवर पूर्ण पैसे भरून रात्री साडेआठला पोचले, तर काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, ये बुकिंग हमको आया ही नहीं." मग लगेच, दुप्पट भाड्याची एक खोली आहे म्हणाला. वर जाऊन बघितली. खिडकी नाही, भिंतीवर ओल, दाराची कडी लोंबते आहे. मी खाली आले, काउंटरसमोरच्या बाकावर बसले आणि त्याच्या देखत अॅपच्या कस्टमर केअरला फोन लावला. बुकिंग नाकारल्याचं त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं, पैसे परत मागितले आणि दुसऱ्या लॉजला फोन केला, कारण त्याचा नंबर माझ्याकडे लिहिलेला होता. अर्ध्या तासात मी तिथल्या खोलीत होते. तूसुद्धा दुसरा नंबर असल्याशिवाय घर सोडू नकोस. दुसरा पर्याय हातात असला की आवाजच बदलतो बघ. माणूस गयावया करत नाही.

आता पोचलीस. काउंटरवर रजिस्टर पुढे सरकवतील. नाव, पत्ता, कुठून आलात, कशासाठी आलात, कधी जाणार. हे भरायचंच असतं, पोलीस तपासणीला आले की तेच मागतात. त्यात खोटं लिहू नकोस. पण सही आणि पैसे यांच्या आधी म्हण, "आधी खोली दाखवा." हसत म्हण, पण म्हण. चांगला लॉजवाला लगेच मुलाला हाक मारतो. जो म्हणतो "पहले पेमेंट, फिर रूम", त्याच्याकडे राहायचं की नाही हे तुझं तू ठरवायचं. मी राहत नाही.

रूमबॉय चावी घेऊन पुढे जाईल. जिना चढताना डोळे उघडे ठेव. जिन्यात गाद्या, खोकी, गॅसचे सिलिंडर रचलेत का? दुसरा जिना आहे का? त्याच्या दाराला कुलूप तर नाही? हे मी घाबरवायला सांगत नाही. दिल्लीत करोल बागेत फेब्रुवारी २०१९ मध्ये एका हॉटेलला आग लागली, १७ माणसं गेली. कोलकात्यात बडाबाजार भागात एप्रिल २०२५ मध्ये तसंच झालं, १४ गेली. दोन्ही ठिकाणी तुझ्या-माझ्यासारखी, कामाला आलेली माणसं उतरायची. बहुतेकांचा जीव धुरात गुदमरून गेला. म्हणून खिडकी नसलेली खोली कितीही स्वस्त दिली तरी घ्यायची नाही. खिडकी आहे पण प्लायने बंद केलीये, तरी नाही. पाचव्या-सहाव्या मजल्यापेक्षा दुसरा-तिसरा माग. रात्री झोपण्याआधी एकदा दारापासून जिन्यापर्यंत चालून ये, मधे किती दारं लागतात ते मोज. धुरात दिसत नाही, हाताला लागणारी दारंच मोजत जावं लागतं.

खोलीत गेलीस की बॅग पलंगावर ठेवू नकोस, खुर्चीवर ठेव. आधी गादी बघायची. चादर कोपऱ्यातून उचल, गादीची शिवण असते तिथे मोबाइलचा टॉर्च धर. शिवणीच्या खाचेत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले, किंवा चादरीवर फिकट तांबूस डाग असले, तर ढेकूण आहेत. उशीच्या अभ्र्यात हात घालून आतल्या उशीला वास बघ. पलंगाचं डोकं भिंतीला लागतं तिथली फट बघ, ढेकूण दिवसा तिथे लपतात. असं काही दिसलं तर वाद घालू नकोस, "दुसरी खोली दाखवा" म्हण. तीही तशीच निघाली तर लॉजच बदल, कारण ढेकूण एका खोलीत थांबत नाहीत आणि तुझ्या बॅगेतून सोलापूरपर्यंत येतील. खोली चांगली असली तरी आपली एक चादर आणि उशीवर घालायला ओढणी बरोबर ठेव. अंगाला ओळखीचं कापड लागलं की परक्या जागी झोप लवकर येते.

मग दार. नुसत्या लॅचवर भागवायचं नाही. लॅचची दुसरी चावी काउंटरवर असतेच. आतून कडी किंवा बोल्ट हवा, आणि तो चौकटीच्या भोकात नीट बसायला हवा. जुन्या इमारतीत चौकटी पावसाने फुगतात, कडी वर दिसते पण लागत नाही. लावून, हिसका देऊन बघ. खिडकीतून बाहेरच्या पॅसेजमधलं माणूस आत बघू शकतं का, बाथरूमच्या व्हेंटिलेटरला जाळी आहे का, शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार आहे का आणि असलं तर त्याला आपल्या बाजूने कडी आहे का, हे बघ. दिवा घालवून आरशाच्या कडेला, स्विचबोर्डवर, छतावरच्या गोल डबीवर टॉर्च फिरव. नको तिथे भोक किंवा चमकणारा ठिपका दिसला तर हात लावू नकोस, फोटो काढ, बाहेर ये आणि ११२ लाव. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सगळीकडे असं असतं असं मुळीच नाही. पण एकदा बघून घेतलं की डोक्यातून विषय जातो आणि शांत झोपता येतं.

पाणी सोडून बघ, फ्लश दाबून बघ. गीझर आहे का, की सकाळी ठरावीक वेळेतच गरम पाणी येतं? तुला साडेआठला बाहेर पडायचंय, गरम पाणी आठला सुरू होत असेल तर काय उपयोग? पंखा, चार्जिंगचा पॉइंट, मोबाइलची रेंज. झालं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. रूमबॉय दारात कंटाळून उभा असेल, असू दे. त्याच्यासमोर अवघडून जाऊ नकोस. तू पैसे देऊन वस्तू घेते आहेस, उपकार मागत नाहीयेस. मावशी दहा रुपयांची मेथीची जुडी उलटीपालटी करून घेते, तिथे ही दोन हजारांची खोली आहे.

ओळखपत्राबद्दल. आधारची झेरॉक्स मागतील. तू मास्क्ड आधार काढून आण, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून तारीख आणि "फक्त लॉज मुक्कामासाठी" असं लिही आणि खाली सही कर. मूळ कार्ड काउंटरवर ठेवायला सांगितलं तर ठेवू नकोस. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने ओरडून सांगितला आणि आजूबाजूला रिकामटेकडी माणसं बसलेली असली, तर सरळ दुसरी खोली माग.

लहान लॉजचा खरा गुण काय सांगू? तिथे माणसं तुला ओळखायला लागतात. मोठ्या हॉटेलात तुझी ओळख म्हणजे एक कार्ड. दादरच्या एका लॉजवर मी अधूनमधून उतरायचे. तिथले मॅनेजर अगदी कमी बोलणारे, चष्मा कपाळावर, पुढ्यात कायम पेपर. मला पहाटे साडेचारला टॅक्सी हवी होती. रात्री चावी घेताना मी नुसतं सांगितलं होतं. पहाटे खाली आले तर त्यांनी रूमबॉयला उठवून ठेवलेलं, तो माझी बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत आला, टॅक्सी थांबवली आणि मी बसल्यावर गाडीचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला, ड्रायव्हरच्या देखत. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. म्हणून सांगते, पोचल्यावर मॅनेजरशी दोन वाक्यं बोल. मुलाखतीला आले आहे, सकाळी साडेआठला निघणार, संध्याकाळी सातपर्यंत परत येईन. तेवढ्यानेच आपण खोली नंबर अमुक न राहता कुणाची तरी मुलगी होतो. आणि निघताना रूमबॉयच्या हातावर पन्नास रुपये ठेवायला विसरू नकोस. त्याची झोप जिन्याखालीच होत असते.

रात्री कडी लावलीस की दार उघडायचं नाही. कुणी "पानी लाया", "टॉवेल लाया" म्हणून आलं आणि तू मागवलेलं नसेल तर आतूनच काउंटरला फोन करून खात्री कर. मोबाइलचं लोकेशन मला आणि मावशीला चालू ठेव. ११२ कुठेही चालतो, मुंबई पोलिसांचा महिलांसाठी १०३ आहे, आग लागली तर १०१. फोनमध्ये साठवतेसच, पण कागदावरही लिही आणि पर्समध्ये ठेव, कारण बॅटरी नको तेव्हाच संपते.

लॉज नकोच वाटलं तर आणखी वाटा आहेत. कुलाब्याजवळ मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाऊस आहे, आधी लिहून खोली ठरवावी लागते. भाडं साध्या लॉजपेक्षा जास्त पडेल, पण पहिल्यांदाच एकटी येणाऱ्या मुलीच्या आईला तिथे निर्धास्त वाटतं. मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं, त्यात बायकांसाठी वेगळे पॉड आहेत. एका रात्रीला ठीक, मुलाखतीच्या आदल्या रात्री फाइल पसरून बसायला नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत नुसती एक खाट, मात्र घेऊ नकोस. सामान कुणाच्या भरवशावर ठेवून जाणार?

शेजारच्या काकू टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणत होत्या, त्यांना माझा निरोप दे. त्यांनी लॉज शोधू नये. टाटाच्या समाजसेवा विभागात आधी विचारावं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी पेशंट आणि नातेवाइकांची सोय होते. उपचार महिनोन्महिने चालतात, लॉजच्या भाड्यात घरं बुडतात. बाहेर कोपऱ्यावर "सस्ता रूम चाहिए क्या" म्हणत उभे असलेल्यांच्या मागे तर अजिबात जाऊ नये. काकूंना हे दोनदा सांग, त्या भिडस्त आहेत.

जेवणाची काळजी नको. दादरला प्रकाश आहे, आस्वाद आहे, मामा काणे आहेत. एकटी बाई टेबलावर बसून थालीपीठ खाते आहे याकडे तिथे कुणी वळूनही बघत नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री नवीन काही खाऊन बघू नकोस, वरण-भात खा. एक लक्षात ठेव, दादर-फोर्टकडे रिक्षा नाहीत. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा येतच नाही, काळी-पिवळी टॅक्सी घ्यायची. किमान भाडं ३१ रुपये, मीटरनेच. सीएसएमटीच्या बाहेर कुणी "दादर चारसो" म्हणाला की पुढे चालत राहायचं, किंवा सरळ स्लो लोकल पकडायची. तू उतरशील तेव्हा दादरकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या असतात.

गुरुवारी खोली सोडताना पलंगाखाली, बाथरूमच्या दारामागे, चार्जिंगच्या पॉइंटजवळ बघ. बॅग काउंटरमागे ठेवू देतात, बहुतेक ठिकाणी पैसेही घेत नाहीत. टोकन किंवा चिठ्ठी मात्र घे आणि दागिने, सर्टिफिकेटं बॅगेत ठेवू नकोस, अंगाबरोबर ने. डिपॉझिट घेतलं असेल तर परत मागून घे. पावती तुझ्या नावाची, तारखांसकट हवी. मुलाखतीला बोलावणाऱ्या काही कंपन्या प्रवास आणि मुक्कामाचा खर्च देतात, तुझ्या पत्रात तसं काही आहे का ते आजच वाच. असेल तर रेल्वेचं तिकीटही जपून ठेव.

आता रविवारपर्यंत तीन लॉजना फोन कर आणि कोण काय म्हणालं ते मला लिहून पाठव. भाडं, चेकआउट, गरम पाण्याची वेळ, मजला, आणि बोलणारा कसा बोलला ते. त्यातली दोन आपण मिळून निवडू. एक ठरवायचं, एक हाताशी ठेवायचं. मावशीला मी उद्या संध्याकाळी फोन करते, तोपर्यंत तू घरात विषय काढू नकोस.